कुणाच्याच नावावर नसलेली जमीन

१९६५ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, बेकर काउंटीत, होझी मिलर या कृष्णवर्णीय शेतकऱ्याला शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्याने गोळी घालून मारले. ज्युरी सगळेच गोरे; त्यांनी खटलाही उभा राहू दिला नाही. थोरली मुलगी शर्ली तेव्हा सतरा वर्षांची होती. शिकून उत्तरेकडे निघून जायचे, हा तिचा बेत होता. बाप गेला आणि तिने तो मोडला. आता इथेच राहायचे, इथलेच बदलायचे.

पुढे तिने चार्ल्स शेरॉड यांच्याशी लग्न केले. चार्ल्स त्या भागात कृष्णवर्णीयांची नावे मतदारयादीत घालत हिंडत. ज्याने नाव घातले, त्याला मालक घराबाहेर काढी. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याचे शेत वाट्याने कसणारी ही माणसे. डोक्यावरचे छप्परही मालकाचेच. पायाखाली स्वतःची जमीन नसेल तर मताचा हक्क किती दिवस टिकणार?

याचे उत्तर शोधणाऱ्यांत बॉब स्वान हे अमेरिकी कार्यकर्ते होते, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे आपल्या गागोद्याच्या विनोबांचे ग्रामदान होते. भूदानात जमीन एकेका कुटुंबाला मिळे. पण हाती बी-बियाणे नाही, बैल नाही, मग ती पुन्हा सावकाराकडे जाई. म्हणून विनोबा पुढे म्हणू लागले, जमीन गावाचीच असू द्या. १९६९ साली शेरॉड आणि त्यांच्या सोबत्यांनी ली काउंटीत सुमारे ५,७०० एकर जमीन कर्ज काढून घेतली. संस्थेचे नाव ठेवले न्यू कम्युनिटीज. मालकी संस्थेची, कुटुंबांनी दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घ्यावी, कसावी, राहावे, पण विकू नये. त्या काळी कृष्णवर्णीयांच्या हाती एवढा मोठा सलग तुकडा देशात दुसरा नव्हता.

भुईमूग, मका, सोयाबीन पिकू लागले. हमरस्त्यावर स्वतःचा बाजार उभा राहिला. मात्र घरे बांधायला सरकारी पैसा मिळेल ही आशा राज्याच्या गव्हर्नरने खोडून काढली, त्यामुळे कर्जाचा बोजा कमी होईना. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दुष्काळ पडला. गोऱ्या शेतकऱ्यांना सरकारी तातडीचे कर्ज मिळाले. यांचा अर्ज तीन वर्षे अडवला गेला. पाऊस सगळ्यांनाच दगा देतो. कर्ज देणारा कुणाला दगा द्यायचा ते निवडतो. १९८५ साली जप्ती आली आणि सगळी जमीन गेली. नव्या मालकाने तिथल्या इमारतीही पाडल्या.

विनोबांच्या विचाराचा इथे पराभव झाला असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. गावाने एकत्र धरलेली जमीनही भेदभाव करणाऱ्या कचेरीपुढे उघडी पडते, एवढेच त्यातून दिसते. दोष एकत्र धरण्याचा नव्हता.

कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी कृषी खात्यावर भेदभावाचा दावा लावला. पिगफर्ड खटला म्हणून तो ओळखला जातो; १९९९ साली त्यात तडजोड झाली. न्यू कम्युनिटीजने त्यातच आपली मागणी मांडली, आणि २००९ साली तिला सुमारे १ कोटी २० लाख डॉलर भरपाई मंजूर झाली. जमीन जाऊन तोवर चोवीस वर्षे झाली होती. चार्ल्स सत्तरीपार गेले होते. आता काम थांबवले असते तरी कुणी बोल लावला नसता.

त्यांनी पुन्हा जमीन घेतली. २०११ साली, त्याच भागातल्या ऑल्बनी शहराजवळ, १,६३८ एकर. हा मळा एके काळी जॉर्जियातल्या बड्या गुलाममालकाचा होता. ज्यांच्या पूर्वजांना असल्याच मळ्यांवर विकत घेऊन राबवले, ते आता खरेदीखतावर सही करत होते, तीही संस्थेच्या नावाने. मळ्याला त्यांनी रेसोरा हे नाव दिले. आज तिथे पिकॅनच्या बागा आहेत, शेतकऱ्यांना शिकवले जाते, काळी-गोरी माणसे एका छताखाली बसून मागच्या जखमांबद्दल बोलतात.

चार्ल्स २०२२ साली वारले. जमीन संस्थेची होती, म्हणून वाटणीचा प्रश्नच आला नाही.