दिसत नाही म्हणून

बिबवेवाडीतल्या एका मामांचा छोटा हत्ती होता, आणि बिऱ्हाडं हलवण्याचा धंदा. सुट्टीला आलेला भाचा दिवसभर लॅपटॉपवर 'ब्लॉकआउट' खेळायचा. १९८९ सालचा हा खेळ पोलंडच्या प्रोग्रामरांनी रचला. टेट्रिसमध्ये आपण भिंतीकडे समोरून बघतो, इथे विहिरीत वरून डोकावायचं. पडणारा ठोकळा नुसत्या रेषांचा, तो हव्या त्या अंगावर फिरवायचा. तळ पाच बाय पाचचा असेल तर २५ घरं भरली की थर नाहीसा होतो. एक जरी घर मोकळं राहिलं तरी थर जागचा हलत नाही, आणि त्यावर ठोकळा बसला की ती फट वरून दिसतही नाही.

भाच्याचा हात चलाख. फट राहिली तरी तो वर ठोकळे रचत जायचा. नशिबाने वरचे थर उडाले की फट पुन्हा उघडी पडायची.

रविवारी कोंढव्याची वर्दी होती. "सामान मी लावतो, मामा," भाचा म्हणाला. लावलंही झकास. फ्रिज मात्र तो आडवा करायला निघाला, तेव्हा मामा ओरडले, "उभाच राहू दे! कॉम्प्रेसरचं तेल नळीत जातं." (खेळातल्या ठोकळ्याला तेल नसतं.)

फ्रिज आणि लोखंडी कपाट यांच्यामध्ये वीतभर फट राहिली. भाच्याने दोन्हींवर पलंगाची फळी टाकली आणि फळीवर लोणच्याच्या बरण्यांचं खोकं.

"मध्ये काय भरलंस?"

"काही नाही. पण दिसत नाही ना आता."

"गिऱ्हाइकाला दिसत नाही रे. चढाला दिसतं. उशा कोंब तिथे."

"आता सगळं उतरवायचं?"

गिऱ्हाईक घाई करत होतं. मामाही "बरं, चल" म्हणाले. चूक त्यांचीही होतीच.

गंगाधाम चौकातून आई माता मंदिराचा चढ लागला आणि कपाट फटीत कलंडलं. फळी घसरली, खोकं आपटलं. गाडी बाजूला घेऊन मामांनी मागचं फाळकं उघडलं, तर कैरीच्या लोणच्याचं तेल गाद्यांवर ठिबकत होतं.

तिथेच, भर उन्हात, दोघांनी अर्धी गाडी रिकामी केली, फटीत उशा ठासल्या आणि सामान पुन्हा चढवलं. गिऱ्हाइकाला बरण्यांचे पैसे भरून दिले. निम्मे मामांनी घातले, निम्मे भाच्याच्या मजुरीतून कापले.