अकरा महिन्यांची भीती

पुण्यामुंबईत घर भाड्यानं द्यायचं म्हटलं की करार अकरा महिन्यांचा. अकराच का, असं विचारलं तर एजंट म्हणतो, "सगळे तसंच करतात." वकील म्हणतो, "सेफ असतं." घरमालकाला तर हा प्रश्न पडलेलाच नसतो. खरं म्हणजे हे अकरा आले नोंदणी कायद्यातून. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून एक महिना कमी धरायचा आणि नोंदणी टाळायची, असा तो हिशेब. महाराष्ट्रात तो हिशेब केव्हाच मोडीत निघालाय. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाचं कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, मग मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली आणि पुढे वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. बरं, साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्काचा दर एकच आहे, पाव टक्का. मग नोंदणी करायचीच आहे तर छत्तीस महिन्यांचा करार का नको? तरी आपण अकरावर अडून बसलेलो.

याचं कारण माझ्या मते घरमालकाच्या पोटात आहे. तिथे एक भीती आहे, आणि ती बहुतेकांना वडिलांकडून, मामाकडून, वाड्यातल्या शेजाऱ्यांकडून आयती मिळालेली आहे. माणूस एकदा घरात शिरला की निघत नाही, ही ती भीती.

ती निराधार नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडं १ सप्टेंबर १९४० ला जे होतं तिथे गोठवलं. युद्धानंतरची टंचाई आणि फाळणीनंतरचे लोंढे पाहता त्या काळी तसा कायदा हवाच होता. पण तात्पुरता म्हणून आलेला तो कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं जगला. त्याचं फळ सदाशिव-नारायण पेठेतल्या वाड्यांत दिसायचं. महिन्याला पंधरा-वीस रुपये भाडं, त्यात कौलं परतायचीसुद्धा सोय नाही. भाडेकरूनं कोथरूडला फ्लॅट घेतलेला, पण वाड्यातल्या दोन खोल्यांना त्याचं कुलूप. दिवाळीच्या आधी यायचं, दार उघडायचं, जाळी-जळमटं काढून पुन्हा कुलूप लावून जायचं. तेवढ्यावर ताबा शाबूत. मालकाचा मुलगा मात्र लग्नानंतर धनकवडीत भाड्यानं राहायला गेलेला.

यातून पळवाट म्हणून लोकांनी 'लायसन्स' काढलं. जागा भाड्यानं दिलेलीच नाही, फक्त वापरायची परवानगी दिलीय, असं कागदावर म्हणायचं. १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर जे राहत होते ते संरक्षित भाडेकरू झाले. ज्यांनी ओळखीपाळखीत, विश्वासानं जागा दिली होती त्यांची ती कायमची अडकली. आज सत्तरीत असलेल्या कुठल्याही घरमालकाला यातली एखादी गोष्ट नावानिशी पाठ असते.

आता कायदा पुष्कळ बदललाय. लायसन्सची मुदत संपून माणूस निघाला नाही तर कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो, आणि मुदतीनंतरच्या दिवसांसाठी दुप्पट दरानं भरपाई मागता येते. अर्जाचा निकाल हातात पडायला महिने लागतात, हे खरंच. पण वाड्यातल्या खटल्यांत पिढ्या जायच्या, त्याच्याशी याची तुलना होत नाही. कायद्यातली मेख गेली, मनातली तशीच राहिली. आणि घर भाड्यानं देण्याच्या व्यवहारात आज जे काही कटकटीचं, अपमानाचं, कोतं आहे, त्यातलं बरंचसं या जुन्या मेखेभोवती गुंडाळलेलं आहे असं मला वाटतं.

हा मालक असतो तरी कोण? बिल्डर नसतो, चाळीस खोल्यांचा धनीही नसतो. बँकेतून नाहीतर शाळेतून निवृत्त झालेलं जोडपं असतं. फंडाच्या पैशातून घेतलेला दुसरा फ्लॅट, 'मुलगा परत आला तर' म्हणून ठेवलेला. समजा त्याची किंमत एक कोटी आहे आणि भाडं पंचवीस हजार येतं. वर्षाचे तीन लाख. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स जातो. मालक स्वतः राहत नाही म्हणून ना-वापर शुल्क जातं. २००१ च्या सरकारी आदेशानं ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांवर रोखलंय, नाहीतर सोसायट्यांनी काय लावलं असतं देव जाणे. पुणे महापालिकेची मिळकतकरातली चाळीस टक्के सवलतही स्वतः राहणाऱ्यालाच, म्हणजे ती गेली. दोन भाडेकरूंच्या मधला रिकामा महिना, रंगकाम, एजंटचं एक महिन्याचं भाडं. हातात दोन टक्के उरले तर नशीब. बँकेतली मुदत ठेव याहून जास्त देते आणि रात्री साडेदहाला फोन करून गीझर चालत नाही म्हणत नाही.

साडेदहाच्या फोनपेक्षा वाईट असते ती गळती. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूमच्या छताला ओल येते. त्या आधी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकतात, मग सेक्रेटरीचं पत्र येतं. भाडेकरू म्हणतो, आमच्याकडे सगळं कोरडं आहे. एक प्लंबर येऊन टाइल्सच्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरून जातो. पंधरा दिवसांनी ओल कायम. दुसरा येतो, नाणी ट्रॅपभोवती ठोकून पाहतो आणि म्हणतो, बाथरूम फोडावं लागेल, आठ-दहा दिवस पाणी बंद. आता त्या आठ-दहा दिवसांत भाडेकरूच्या घरातल्या चार माणसांनी अंघोळ कुठे करायची? करारात याबद्दल एक ओळ नसते. किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची, मोठी मालकाची, एवढंच असतं. फुटलेली टाइल किरकोळ की मोठी हे ज्याचं त्यानं ठरवायचं. पण यातही खरी अडचण मुदतीची आहे. भाडेकरूचे चार महिने उरलेत, म्हणून त्याला सोसायचं कारण दिसत नाही. मालकालाही वाटतं, हे गेले की निवांत फोडू. तोवर काकूंच्या छताचे पोपडे त्यांच्या पलंगावर पडत राहतात.

डिपॉझिटचा शेवटचा दिवस हा याच गोष्टीचा दुसरा अंक. मालक टॉर्च घेऊन भिंतीवरची खिळ्यांची भोकं बघतो, भाडेकरू मोबाइलमधले आल्या दिवसाचे फोटो काढून दाखवतो. बऱ्याच भाडेकरूंनी शहाणपणानं शेवटच्या दोन महिन्यांचं भाडंच दिलेलं नसतं, कारण डिपॉझिट परत मिळेल यावर त्यांचा विश्वास नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नसावं असं सुचवलंय. तो स्वीकारणं राज्यांच्या हातात. इकडच्या घरमालकाला दोन महिने ऐकूनच धडकी भरते. मोठं डिपॉझिट ही त्याच्या लेखी भीतीची किंमत असते, आणि ती आगाऊ वसूल होते.

याच भीतीच्या आडून चौकशाही चालतात. कुठे नोकरी, किती माणसं, हे विचारणं समजू शकतं. पोलीस ठाण्यात माहिती द्यायची तर कागद हवेतच. पण "आडनाव काय?" हा प्रश्न भाडं बुडण्याशी जोडता येत नाही. 'फक्त फॅमिली', 'फक्त व्हेज' म्हणताना मालक स्वतःला सावध समजतो. मला तो सरळ पूर्वग्रह वाटतो, आणि भीती हे त्याचं सोयीचं नाव. भाडं वेळेवर देणं हे ताटात काय वाढलंय त्यावरून ठरत असतं, तर बँकांनी कर्ज देताना जेवणाचे डबे तपासले असते.

ज्यांना हे सगळं नकोच वाटतं ते कुलूप लावतात. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांमध्ये एक कोटीहून जास्त घरं रिकामी निघाली होती. सगळीच भीतीपोटी रिकामी नसणार. पण न्यू जर्सीतल्या मुलाच्या नावावरचा, आईवडिलांनी बंद ठेवलेला फ्लॅट आपल्या प्रत्येकाच्या माहितीत एखादा असतो. त्यात नियमही मदतीला येत नाहीत. मालक अनिवासी असला तर भाडेकरूनं भाड्यातून तीस टक्के आणि वर उपकर असा कर कापून भरायचा असतो. भाडं कितीही असो, दर महिन्याला. हे कळल्यावर साधा नोकरदार भाडेकरू त्या घराच्या वाटेला जात नाही.

माझ्या माहितीतल्या एका निवृत्त जोडप्यानं यंदा छत्तीस महिन्यांचा करार केला. दर वर्षी पाच टक्के वाढ, पहिलं वर्षभर दोघांपैकी कुणी सोडायचं नाही, त्यानंतर दोन महिन्यांची नोटीस. बाथरूम फोडायची वेळ आली तर पाणी बंद असेल तितक्या दिवसांचं भाडं माफ, ही ओळ काकांनी स्वतः घालून घेतली. भाडेकरूनं खिडक्यांना डासांच्या जाळ्या स्वतःच्या खर्चानं लावल्या. अकरा महिन्यांसाठी त्यानं त्या लावल्या नसत्या. काका अजून अधूनमधून विचारतात, "पण निघतील ना हो वेळेवर?" एजंट मात्र नाराज आहे. दर अकरा महिन्यांनी नूतनीकरणाचं अर्धं भाडं त्याच्या खिशात जायचं, ते आता तीन वर्षं येणार नाही. त्यानं त्यांना बजावून ठेवलंय, "काका, रिस्क घेताय."