सोमवारची वाट पाहू नकोस

पुणे

चि. मुक्तास,


इंदूरला सुपर कॉरिडॉरकडच्या साईटवर सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू होते आहेस, हे ताईनं कळवलं. फार आनंद झाला. त्या शहरात मी तीस वर्षं इमारती उभ्या केल्या, म्हणून चार गोष्टी हक्कानं सांगतो.

पहिल्याच दिवशी तुझ्या हाती एक रजिस्टर येईल. अमुक जणांना प्रशिक्षण दिलं, हे त्यांचे अंगठे. त्याच्यावर विसंबू नकोस. तुझ्याकडचे बरेच मजूर झाबुआ, अलीराजपूर, धारकडचे असतील. होळीच्या आधी ते भगोरियाच्या जत्रेला गावी जातात, पाऊस पडला की पेरणीला जातात. टोळी परत येते तेव्हा त्यातले दोघं घरी राहिलेले असतात आणि त्यांच्या जागी कुणाचा धाकटा भाऊ, कुणाचा मेहुणा आलेला असतो. रजिस्टरात अंगठा एकाचा आणि परांचीवर पाय दुसऱ्याचा.

माझ्या साईटवर असाच एक पोरगा गुरुवारी आला. आमचं प्रशिक्षण दर सोमवारी असे. मिस्त्रीनं त्याला चौथ्या मजल्यावरचे प्लाय गोळा करायला पाठवलं. त्यातला एक प्लाय डक्टच्या भोकावर नुसता झाकून ठेवलेला होता. पोरानं तो दोन्ही हातांनी छातीशी धरून उचलला. पायाखालचं दिसेना, आणि त्यानं एक पाऊल पुढे टाकलं. जीव वाचला, पण तो पुन्हा उभा राहू शकला नाही. त्या प्लायला चार खिळे मारलेले असते, वर लाल फुली असती, सकाळी दहा मिनिटं त्याला कुणी मजला फिरवून दाखवला असता, तर तो आज चालत असता. सोमवार हा वार मी ठरवला होता. त्याचं ओझं अजून उतरलेलं नाही.

म्हणून नवा माणूस आला की त्याच दिवशी, हातात घमेलं देण्याआधी त्याला शिकव. हॉलमध्ये बसवून नव्हे, साईटवर फिरवून. भोकं, उघड्या कडा, विजेच्या तारा त्याला स्वतः बघू देत. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. दीड मीटरहून खोल चरात आधार ठोकल्याशिवाय उतरायचं नाही, हे चराच्या काठी नेऊन सांग. हार्नेस अंगावर आणि हुक लोंबकळतोय, हे तुला रोज दिसेल. तेव्हा 'हुक कुठे लावशील?' असं विचार आणि त्याच्याच हातानं, डोक्याच्या वरच्या पक्क्या आधाराला लावून घे. तुझी हिंदी त्याला पुरती कळेलच असं नाही. त्यांच्याच गावचा जाणता मिस्त्री शेजारी उभा कर. तो भिलीत सांगेल ते मनात उतरेल. आणि पहिले पंधरा दिवस नव्याला वेगळ्या रंगाचं हेल्मेट दे, म्हणजे सगळ्यांचं लक्ष राहील.

हे शिकवणं कामाच्या तासांपुरतं ठेवू नकोस. ऑगस्ट २०२४ मध्ये महूजवळ चोरलला एका फार्महाऊसचं नवं छत रात्री कोसळलं आणि खाली झोपलेले पाच मजूर गेले. काम थांबलेलं होतं, माणसं निजलेली होती. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस काढायचे नाहीत, असं आय.एस. ४५६ हे मानक सांगतं. तोवर ते छत नव्हेच, टेकूंनी पेललेलं ओझं आहे. त्याखाली कुणीही झोपायचं नाही. पण हे बजावण्याआधी ठेकेदाराशी भांडून त्यांच्यासाठी कोरडी, सुरक्षित जागा मिळव. बाहेर पाऊस कोसळत असताना दमलेला माणूस जवळचं छप्पर गाठणारच. त्यात त्याचा दोष नाही.

ठेकेदार म्हणेल, मॅडम, रोज अर्धा तास वाया जातो. जाऊ दे. त्या अर्ध्या तासासाठीच तुझी नेमणूक आहे.

पोचलीस की फोन कर. पगार, राहण्याची सोय सावकाश सांग. आधी एवढंच सांग, आज गेटवर नवे किती आले आणि त्यांची नावं काय.

तुझा,
मामा