मुठीवरची नक्षी

तुये येथील आमच्या परिचयाच्या एका घरात एक वृद्ध माउली आयुष्यभर शिवणकाम करीत आल्या. शेजारच्या मुलींची परकर-पोलकी, बाळंतघरची झबली-कुंची, उत्सवात देवाला नेसवायचे वस्त्र, सारे त्यांच्या हातून गेले. त्यांची कात्री काळी, जड, साध्या लोखंडाची होती. परदेशी नोकरीस असलेल्या पुतण्याने एकदा त्यांना करकोच्याच्या आकाराची सोनेरी कात्री आणून दिली. त्यांच्या पश्चात पेटी उघडली, तेव्हा ती मलमलीत गुंडाळलेली सापडली. तिने एक धागाही कापला नव्हता. ‘एवढी सुंदर वस्तू, ती आमच्यासारख्यांनी का वापरायची?’ असे त्या म्हणत. या प्रश्नाने आम्हांस विचारात टाकले.

मराठीतील ‘कात्री’ आणि कोंकणीतील ‘कातर’ ही दोन्ही संस्कृत ‘कर्तरी’चीच लेकरे. तिचे काम कापण्याचे. मग मुठीवर वेलबुट्टी काढल्याने धार वाढते काय? मुळीच नाही. म्हणून ही नक्षी म्हणजे निव्वळ हौस, किंबहुना पैशाचा अपव्यय, असे कोणी म्हटल्यास त्यास सहजासहजी खोडून काढता येणार नाही. बाजारात सोनेरी मुलाम्याच्या अशाही कात्र्या मिळतात, की ज्यांच्या टोकाशी कापड कापले न जाता पात्यांत दुमडून अडकते. तेथे सौंदर्य हा सरळसरळ खोटेपणाच होय.

परंतु चांगल्या कारागिराची कात्री नीट न्याहाळावी. तिची दोन्ही पाती किंचित बाकदार असतात. ती मिटताना एकाच बिंदूत एकमेकींस भेटतात आणि तो बिंदू खिळ्यापासून टोकापर्यंत सरकत जातो. म्हणून पात्यांच्या आतल्या बाजूस कारागीर नक्षीची एक रेघही ओढीत नाही. शोभा असते ती जेथे बोटे टेकतात तेथे आणि जेथे दृष्टी पडते तेथे. पोलाद पोलादाला भिडते तेथे केवळ सचोटी असते. अलंकाराची मर्यादा याहून स्पष्ट कोणते शास्त्र सांगेल? मेरठच्या कात्र्यांना २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मोडीत निघालेल्या पोलादाची पाती आणि पितळी मुठी असा त्यांचा साज; आजोबाने घ्यावी आणि नातवाने वापरावी, अशी त्यांची ख्याती. टिकाऊपणा आणि देखणेपणा यांचे वैर असतेच असे नाही, हे त्यावरून दिसते.

आता, ही शोभा कोणासाठी? शिवलेले वस्त्र नेसणारा मिरवतो, पाहणारा वाखाणतो. कात्रीची मूठ मात्र शिवणाऱ्याखेरीज कोणी पाहत नाही. अर्थात मुठीवरील नक्षी हा श्रमाच्या मानकऱ्याला दिलेला मान होय. नामदेव शिंपी कुळातले. १६०४ साली सिद्ध झालेल्या आदिग्रंथात त्यांची पदे आहेत. त्यांतील एकात त्यांनी गज, कात्री, सुई, दोरा या धंद्यातल्याच वस्तू भक्तीच्या रूपकासाठी घेतल्या, आणि सुई कल्पिली ती सोन्याची, दोरा रुप्याचा! हातातील साधनाला हीन मानणाऱ्यास ही कल्पना सुचली नसती. जपानात फेब्रुवारी वा डिसेंबरच्या ८ तारखेस मोडक्या सुया मऊ सोयाबीनच्या वडीत टोचून त्यांचे आभार मानतात. आपणही खंडेनवमीस कोयता, करवत, कात्री पाटावर मांडून फूल वाहतो. भाव एकच आहे.

मग त्या माउलींचे कोठे चुकले? त्यांनी वस्तूचा आदर केला, यात शंका नाही. पण आपणास ती शोभत नाही असे त्यांना वाटले, आणि ते वाटणे त्यांचे एकटीचे नव्हते. सुंदर ते दुसऱ्यासाठी, आपल्यासाठी साधे ते पुरे, हे आपल्या घरांनी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकविले होते. दोष असलाच तर तो आपला आहे. त्यांनी शिवलेले वस्त्र देवाच्या अंगावर शोभले, आपण हात जोडले. शिवणाऱ्या हातांची आठवण आपणांपैकी कितीजणांस झाली?

देवळातील रुप्याची पालखी वर्षभर कुलपात असते, हे खरे. तथापि उत्सवाच्या रात्री ती खांद्यावर घेतली जाते, म्हणूनच ती पालखी. नैवेद्य झाकूनच ठेवला तर त्याचा प्रसाद होत नाही. रिकामी कात्री वाजवू नये, घरात भांडण होते, असे आपले वडीलधारे सांगत. त्यात धार जपण्याचे शहाणपण होतेच. पण कापड असताना कात्री न चालविणे, हाही तिचा एक प्रकारे अवमानच, असे आम्हांस वाटते.

ती सोनेरी कात्री आता त्यांच्या नातीकडे आहे. गेल्या खंडेनवमीस तिने ती जुन्या काळ्या कात्रीशेजारी पाटावर ठेवली, दोघींना हळद-कुंकू लावले आणि दसरा झाल्यावर तिने पहिला दोरा कापला. आजीला जे आपले वाटले नाही ते नातीने निःसंकोच आपले मानले. यात उद्धटपणा पाहणारे पाहोत. आम्हांस त्यात एका ऋणाची फेड दिसली.