स्वप्नाचा कौल

गेल्या आगमनकाळातली गोष्ट. माझ्या धाकट्या बहिणीच्या लेकीचे लग्न कल्याणच्या एका बौद्ध कुटुंबातील मुलाशी ठरत आले होते. मुलगा सालस, शिकलेला. भिन्नधर्मीय विवाहासाठी लागणाऱ्या धर्मप्रांताच्या अनुज्ञेची चौकशीही फादरांकडे झाली होती. साखरपुड्याला आठ दिवस उरले असताना बहीण भल्या पहाटे डोंबिवलीला माझ्या दारात येऊन उभी राहिली. तिला स्वप्न पडले होते. आमची दिवंगत आई काळे लुगडे नेसून चर्चच्या पायरीवर पाठमोरी बसली आहे, आणि कितीही हाका मारल्या तरी वळून पाहत नाही.

"दादा, आईनं कौल दिला. हे लग्न आता व्हायचं नाही," एवढे बोलून ती रडू लागली.

बहिणीचे दुःख खोटे नव्हते, आणि मृत मातेविषयी वाद घालण्याची ती वेळही नव्हती. पण तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे. झोपेत दिसलेल्या दृश्याच्या बळावर जागेपणीचा निर्णय, तोही दुसऱ्या दोन जिवांच्या आयुष्याचा, आपण घ्यावा काय?

त्याच संध्याकाळी मुलाचे वडील आमच्याकडे आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ. बहिणीने आडपडदा न ठेवता त्यांना स्वप्न सांगितले. ते रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी एक जातककथाच सांगितली. घरी आल्यावर मी ती मुळातून वाचून काढली.

कोसल देशाच्या पसेनदी राजाला एका रात्री सोळा विपरीत स्वप्ने पडली. गाई आपल्याच वासरांचे दूध पीत आहेत, दगड पाण्यावर तरंगत आहेत, भोपळे बुडत आहेत, बेडूक सापांना गिळत आहेत. राजा भयभीत झाला. राज्यावर, संपत्तीवर किंवा प्राणांवर संकट आहे, असे दरबारच्या पुरोहितांनी सांगितले आणि चव्हाट्याचव्हाट्यावर यज्ञ मांडून असंख्य पशुपक्ष्यांचा बळी देण्याची सिद्धता केली. त्यांतल्याच एका तरुण शिष्याने गुरूला विचारले, एका जिवाला मारून दुसऱ्याचे कल्याण होते, असे आपल्या वेदांत कुठे आहे? यात आपल्याला पुष्कळ धन मिळेल, हे गुरूचे उत्तर! शेवटी मल्लिका राणीच्या सांगण्यावरून राजा बुद्धांकडे गेला. बुद्धांनी सोळाही स्वप्ने ऐकून घेतली. ती खोटी आहेत असे ते म्हणाले नाहीत. पण यातले काहीही तुझ्याविषयी नाही, ही पुढच्या अधार्मिक काळाची चित्रे आहेत, असे सांगून त्यांनी राजाचे भय घालवले. बळीसाठी आणलेले प्राणी सुटले. लाख मोलाचे चंदन आंबट ताकाच्या बदल्यात विकले जात असल्याचेही त्या सोळांत एक स्वप्न आहे. पुढे लोक पैशासाठी धर्म सांगत फिरतील, असा त्याचा अर्थ बुद्धांनी सांगितला. तो वाचून मात्र मी क्षणभर थबकलो. ते चंदन आपल्याही दारात विकले गेलेले आपण पाहिले नाही काय?

व्याह्यांनी हीच कथा का सांगितली, हे मला उशिरा उमगले. स्वप्नाचा अर्थ काय, याहून त्या स्वप्नापायी बळी कोणाचा जाणार, ही गोष्ट तिथे मोठी आहे. आमच्या घरी तो बळी बावीस-चोवीस वर्षांच्या दोन मुलांचा जाणार होता.

बौद्ध विचार आपल्याला परका वाटतो, पण या भूमीला तो परका नाही. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेल्या आणि 2014 पासून पालघर जिल्ह्यात गेलेल्या सोपाऱ्याला पंडित भगवानलाल इंद्रजींनी 1882 साली स्तूप उकरून काढला. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही त्याच गावी मिळाला. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. आणि 1321 साली ठाण्यात ज्या चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी रक्तसाक्ष दिली, त्यांचे देह धर्मबंधू जॉर्डन यांनी त्याच सोपाऱ्याला नेऊन पुरले. माती एकच आहे.

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात ग्रीक वंशाचा राजा मिलिंद भिक्खू नागसेनांना स्वप्नांविषयी नेमके प्रश्न विचारतो. नागसेन स्वप्नाची सहा कारणे सांगतात. वात, पित्त आणि कफ यांचा क्षोभ, ही पहिली तीन. चौथे देवतांची प्रेरणा, पाचवे मनाचा नित्याचा परिपाठ, सहावे भविष्याचे पूर्वचिन्ह. यांतले फक्त सहावे खरे, बाकीची सारी फसवी, असा त्यांचा निवाडा आहे. देवतांनी दाखवलेले स्वप्नही त्यांनी फसव्यांतच टाकले, हे लक्षात घ्यावे. स्वप्न पडते ती अवस्था म्हणजे 'कपिनिद्रा', माकडाची झोप, धड जाग नाही आणि धड निद्राही नाही. आरशात प्रतिबिंब पडते तसे चिन्ह मनात उमटते, पण त्याचा अर्थ त्या मनाला कळत नाही. तो इतर लोक सांगतात. हे इतर लोक म्हणजे कोण, यावर सारे अवलंबून असते. म्हणूनच की काय, स्वप्ने सांगून उपजीविका करणे हे बुद्धांनी भिक्खूंना निषिद्ध ठरवले.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते पाचवे कारण. दिवसभर जे मनात घोळते, तेच रात्री वेष बदलून येते. माझ्या बहिणीला हे स्थळ पहिल्या दिवसापासून रुचले नव्हते. धर्म हे तिने सांगितलेले कारण होते. न सांगितलेले कारण जातीचे होते, हे तिला ठाऊक होते आणि मलाही. बाप्तिस्म्याने आपण एक झालो असे आपण म्हणतो, पण सोयरीक जुळवताना जुने हिशेब काढतो. आई हयात असती तर काय म्हणाली असती, हे आम्ही दोघेही सांगू शकत नाही. स्वप्नातल्या आईला मात्र बहिणीच्या मनातलेच शब्द बोलावे लागले, किंबहुना पाठ फिरवावी लागली.

स्वप्नात घडलेल्या कृत्याचे पाप लागते काय, हा प्रश्नही दोन्ही परंपरांना पडला. भिक्खूंच्या नियमांत एका गंभीर दोषाला स्वप्नापुरता अपवाद आहे. संत ऑगस्टीन 'कबुलीजबाब' या ग्रंथाच्या दहाव्या भागात व्याकूळ होऊन परमेश्वराला विचारतात की, झोपेत मी मीच नसतो काय? झोपेत विवेकबुद्धी बांधलेली असते, म्हणून ते कृत्य स्वतः पाप नव्हे, पण त्याचे मूळ जागेपणीच्या पापात असू शकते, असे संत थॉमस अक्वायनस म्हणतात. म्हणजे स्वप्नाचा दोष नाही, पण स्वप्नाने दाखवलेल्या मनाची जबाबदारी आपलीच.

येथे कोणी विचारील, आपल्या पवित्र शास्त्रात देव स्वप्नांतून बोलत नाही काय? निश्चितच बोलतो, आणि या ठिकाणी आपली वाट बौद्धांहून वेगळी होते. उगमाशी बोलणारा कोणी आहे, अशी आपली श्रद्धा आहे. तथापि बेन सिराखच्या ग्रंथाने, परात्पराने पाठवलेले नसेल तर स्वप्नाकडे लक्ष देऊ नका, असे बजावले आहे. मग ते कोणी पाठवले हे ओळखावे कसे? मला संत योसेफाचे स्मरण होते. मरियेला गुपचूप सोडून द्यावे असे त्याने मनाशी ठरवले होते. स्वप्नाने त्याला अगदी उलट सांगितले: भिऊ नकोस, तिचा स्वीकार कर. त्याच्या भयाला स्वप्नाने दुजोरा दिला नाही. बहिणीच्या स्वप्नाने तिच्या भयाला दिला.

व्याह्यांच्या घरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली प्रसिद्ध झालेला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ आहे. तो मी मागून आणला. महामायेच्या कुशीत पांढरा हत्ती शिरल्याचे स्वप्न सर्वांना ठाऊक आहे. बाबासाहेबांसारख्या चिकित्सक लेखकाने स्वप्न गाळले नाही, पण हत्ती गाळला. त्यांच्या कथेत सुमेध नावाचा बोधिसत्त्व तिला स्वप्नात विचारतो की, माझा अखेरचा जन्म मी घेणार आहे, तू माझी माता होशील काय? आणि ती आनंदाने होकार देते. नाझरेथच्या घरात मरियेलाही होकार द्यायचा होता, हे आठवून मी ते पान बहिणीला वाचून दाखवले. ती काही बोलली नाही. पुस्तक मात्र तिने माझ्या हातून घेतले आणि ते पान पुन्हा वाचले.

साखरपुडा ठरल्या दिवशी झाला. जेवणे आटोपल्यावर बहीण व्याह्यांपाशी जाऊन बसली.

"दादा, तुम्हांला नाही का कधी असं काही स्वप्न पडलं, या लग्नाविषयी?" तिने विचारले.

"नाही हो ताई," ते म्हणाले. "स्वप्न पडायला झोप लागावी लागते."