हरवलेला माणूस कोणत्या जिल्ह्याचा?

समजा, रिसोड तालुक्यातल्या केनवडचा एक तरुण सोयाबीन निघाल्यावर चाकणला कामाला गेला. सहा महिन्यांनी त्याचा फोन बंद झाला आणि खोलीवरच्या पोरांनी सांगितलं, आठ दिवसांपासून तो आलाच नाही. तक्रार बहुधा चाकणकडच्या ठाण्यात नोंदली जाईल. माणूस वाशीम जिल्ह्याचा, आकडा मात्र पुणे जिल्ह्याचा. बेपत्ता माणसांच्या आकड्यांवरून प्रदेशांची तुलना करणाऱ्याने सुरुवात इथून करायला हवी. हा आकडा हरवलेली माणसं मूळची कुठली हे फारसं सांगत नाही; त्यांची नोंद कुठे झाली, एवढंच सांगतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, म्हणजे एनसीआरबीच्या आकड्यांनुसार 2018 साली महाराष्ट्रात 33,964 स्त्रिया बेपत्ता झाल्या. देशात ही संख्या सर्वांत मोठी होती आणि राज्यात मुंबई-पुणे आघाडीवर होते. 2023 साली संसदेत 2019 ते 2021 या तीन वर्षांचे आकडे मांडले गेले. अठरा वर्षांवरील बेपत्ता स्त्रिया महाराष्ट्रात 1,78,400, मध्य प्रदेशात 1,60,180 आणि पश्चिम बंगालमध्ये 1,56,905. वर्तमानपत्रांनी महाराष्ट्राला पहिला क्रमांक दिला आणि विषय तिथेच थांबला.

तो थांबायला नको होता. 2011च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या 11.24 कोटी, मध्य प्रदेशची 7.26 कोटी. लाख लोकसंख्येमागे हिशेब मांडला तर महाराष्ट्रात सुमारे 159, पश्चिम बंगालमध्ये 172 आणि मध्य प्रदेशात 221. या तीन राज्यांत पहिला क्रमांक तिसरा होतो. अल्पवयीन मुलींच्या बाबतीत तफावत आणखी मोठी आहे. मध्य प्रदेशात 38,234, महाराष्ट्रात 13,033. लोकसंख्येच्या प्रमाणात ती साडेचार पट भरते. शेजारच्या दोन राज्यांतल्या मुलींच्या आयुष्यात खरोखर एवढं अंतर आहे का?

याचं उत्तर देण्याआधी नोंदवहीकडे पाहावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने मे 2013मध्ये ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर आदेश दिला की मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण गृहीत धरून गुन्हा दाखल करायचा. तेव्हापासून सतरा वर्षांची मुलगी घरातून गेली तर बातमीत येतं, ‘अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेले’. ती अठरा वर्षं पूर्ण केलेली असेल तर ‘मिसिंग’ची नोंद होते, आणि घातपाताचा संशय नसेल तर बहुतेक वेळा प्रकरण त्या नोंदीपुरतंच राहतं. एका वाढदिवसाने वही बदलते, तपासाचा वेगही बदलतो. कोणतं राज्य अपहरणाची प्रकरणं बेपत्तांच्या तक्त्यात किती काटेकोरपणे दाखवतं, यावर त्या राज्याचं स्थान ठरू शकतं.

दुसरी अडचण बेरजेची. वार्षिक तक्त्यात आधीच्या वर्षी न सापडलेलेही पुढे ओढले जातात. 2021 या एका वर्षात नव्याने बेपत्ता झालेले स्त्री-पुरुष मिळून सुमारे 3.9 लाख होते. तरी तीन वर्षांत तेरा लाख स्त्रिया आणि मुली हरवल्याचं देशाने वाचलं. तीन वर्षं न सापडलेली स्त्री त्या बेरजेत तीनदा मोजली गेली.

पण सर्वांत मोठी तफावत वहीच्या बाहेर आहे. 2011च्या जनगणनेत सुमारे वीस कोटींचा असलेला उत्तर प्रदेश 2019 ते 2021च्या या आकड्यांत पहिल्या तीनांतही नाही. तिथे माणसं कमी हरवतात, की ठाण्याची पायरी चढणारे कमी आहेत? आपल्या वाशीमकडेही लेक घरातून गेली की आधी नातेवाइकांकडे शोध होतो, मग चार माणसं बसतात, बदनामीच्या भीतीने आठवडा जातो. ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेलेल्या माणसाबद्दल हंगाम संपेपर्यंत ‘येईल की’ म्हणतात. मुकादमाच्या वहीत त्याची उचल लिहिलेली असते. तो कुठे आहे, हे कुणाच्याच वहीत नसतं. ज्या प्रदेशातून माणसं सर्वांत जास्त बाहेर पडतात, तिथेच हरवण्याची नोंद उशिरा होण्याची शक्यता जास्त. त्यामुळे कमी दर असलेला जिल्हा सुरक्षित आहे असं मानणं धोक्याचं आहे. ज्या ठाण्यात बाईची तक्रार निमूटपणे लिहून घेतली जाते, तिथला आकडा वाढणारच, आणि त्या ठाण्याला त्याबद्दल दोष देणं अन्यायाचं आहे.

नुसत्या संख्येऐवजी कारणं मोजली तर काय साधतं, यासाठी जपानचं उदाहरण उपयोगी पडतं. तिथे पोलीस बेपत्तांची कारणं वेगळी मोजतात. 2022 साली त्यांत स्मृतिभ्रंश झालेले 18,709 जण निघाले. कारण कळलं की उपायाची दिशा कळते: वृद्धांची माहिती आधीच नोंदवून ठेवणं, शेजाऱ्यांना सावध करणं. वाशीमसारख्या जिल्ह्यातून तरुण बाहेर जातात आणि गावात म्हातारी माणसं उरतात. हा प्रश्न आपल्याही दारात आहे. छळाला कंटाळून निघालेली सून, प्रेमविवाहासाठी गेलेली मुलगी, कर्जाने खचलेला शेतकरी आणि वाट विसरलेला आजा यांना एकाच रकान्यात घालून काढलेला दर कुणाच्याच कामाचा नाही.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्ह्याने दरवर्षी तालुकावार सांगावं: किती जणांची तक्रार आली, ती किती दिवसांनी आली, किती सापडले, कोणत्या कारणाने गेले होते आणि किती अजून मिळालेले नाहीत. हरवल्याचं ठिकाण आणि मूळ गाव असे दोन रकाने असावेत, म्हणजे चाकणच्या आकड्यातला केनवडचा वाटा दिसेल. या नोंदी अनोळखी मृतदेहांच्या नोंदींशी राज्यभर ताडून पाहाव्यात. सात वर्षं ज्याची काही खबर नाही, तो मृत असल्याचं कायदा गृहीत धरू शकतो. ती सात वर्षं त्याची बायको ना सधवा ना विधवा अशी काढते, सातबाऱ्यावरच्या नावासाठी खेटे घालते. तिच्या दृष्टीने राज्याचा क्रमांक पहिला की तिसरा याला काही अर्थ नाही. प्रदेशांची तुलना करायचीच असेल तर ती हरवलेल्यांच्या संख्येवर न करता, शोध किती लवकर सुरू झाला आणि किती जण सापडले यावर करावी. त्या कसोटीवर वाशीम कुठे आहे, हे जिल्ह्याने सांगावं आणि आपण ग्रामसभेत उभं राहून विचारावं.