ओहळ आटला तेव्हा



दर तीन वर्षांनी, सामान्य काळातील ३२ व्या रविवारी, पहिल्या वाचनात आपण सारफथच्या विधवेची गोष्ट ऐकतो (१ राजे १७:१०-१६). मूठभर पीठ, थोडेसे तेल आणि ते न संपणे. गोष्ट आपल्या परिचयाची आहे. परंतु तीन वचने आधी जे घडले, ते त्या रविवारी वाचले जात नाही. एलिया संदेष्टा ज्या ओहळाचे पाणी पीत होता, तो ओहळ आटला.

हा ओहळ देवानेच दाखवला होता. अहाब राजाला दुष्काळाची ताकीद दिल्यावर एलियाला लपणे भाग होते. देवाने त्याला करीथ ओहळाकाठी पाठवले. कावळे सकाळ-संध्याकाळ भाकरी व मांस आणून देत. तरीही पाणी आटले. एलियाचे पाप आड आले किंवा त्याची प्रार्थना कमी पडली, असे शास्त्र म्हणत नाही. देशात पाऊस नव्हता म्हणून ओहळ आटला, एवढेच ते सांगते.

ओहळ एका दिवसात आटत नाही. धार बारीक होते, मग डबकी उरतात, मग नुसता चिखल. रोज ते पाहत बसणे काय असते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. कंपनीत आधी ओव्हरटाईम बंद होतो, मग पगार लांबतो, मग गेटवर नोटीस लागते. घरात मोठे आजारपण आले की आधी बँकेतली शिल्लक जाते, मग दागिने. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा हातावर पोट असलेल्यांची कामे गेली आणि देवळाचे दरवाजेही बंद झाले. अशा वेळी एखादा भला माणूस येऊन, "तुमचा विश्वास कमी पडला," असे सांगून जातो. त्याने हा अध्याय पहिल्या वचनापासून जरूर वाचावा.

देवाची पुढची आज्ञा आली ती ओहळ आटल्यावर, आधी नाही. आणि आज्ञा तरी कशी! देवाने एलियाला कुणा धनवंताच्या घरी पाठवले नाही. पाठवले ते सीदोनात, त्याच्या जिवावर उठलेल्या ईजबेल राणीच्या माहेरच्या मुलखात, इस्राएलबाहेरच्या एका विधवेकडे. ती वेशीपाशी काटक्या वेचत होती. मुलासोबत शेवटची भाकर खायची आणि मरायचे, एवढेच तिच्यापुढे उरले होते. उपाशी माणसाला उपाशी बाईच्या दारी पाठवले! तिला द्यावे लागले, आणि एलियाला मागावे लागले. आपल्या कष्टाळू माणसांना देणे जमते. मागणे जमत नाही. दार लावून उपास काढतील, पण शेजाऱ्याला कळू देणार नाहीत.

आणखी एक. तिच्या दारात पिठाच्या गोणी येऊन पडल्या, असे कुठेही लिहिलेले नाही. मडक्यातले पीठ सरले नाही, इतकेच. म्हणजे रोज सकाळी हात घातला की तळच लागत असेल, असे आम्हांला वाटते. आणि तळाशी त्या दिवसापुरते पीठ. आपण पावसाळ्याआधी तांदूळ, डाळ, सुके मासे भरून ठेवणारी माणसे. त्यात गैर काही नाही. पण जेव्हा भरून ठेवण्यासारखे काहीच नसते, तेव्हा मडक्यात हात घालण्याचेदेखील धैर्य लागते. त्या बाईने ते रोज केले.

मडके चालू असतानाच तिचा मुलगा आजारी पडला आणि त्याचा श्वास थांबला. हे वाचताना आपण थबकतो. ती एलियाला टाकून बोलली. त्याने तिला विश्वासावर प्रवचन दिले नाही. वर जाऊन त्याने देवालाच जाब विचारला. तो मुलगा पुन्हा जिवंत झाला. ज्या घरातले मूल परत आले नाही, त्या घरात ही गोष्ट सांगताना आपला आवाज खाली येतो. तिथे आपल्याला तो चमत्कार करता येत नाही. पण त्याआधी एलियाने जे केले, ते करता येईल. त्याने तिच्या उराशी असलेले मूल आपल्या हातांत घेतले.